दोन अंगणांचा जकातसंघ

शेजारी देशांनी आपापसांतल्या जकाती उठवाव्यात, एकमेकांचा माल मोकळेपणाने येऊ-जाऊ द्यावा आणि कालांतराने एका कुटुंबासारखे नांदावे, हा विचार प्रोफेसर केशवरावांनी अकोल्याच्या एका वाचनालयात मांडला, तेव्हा त्यावर कोणीही हरकत घेतली नाही. हरकत घेण्यास लागतो तेवढा जागेपणा सभागृहात फारसा कोणापाशी उरला नव्हता. डॅन्यूब नदीच्या खोऱ्यातील चिमुकल्या राष्ट्रांनी एकमेकांच्या गव्हावर आणि लोखंडावर जकाती बसवून स्वतःचे कसे हाल करून घेतले आहेत, हे सांगताना केशवरावांचा कंठ दाटून आला. पुढच्या रांगेतील एका कापसाच्या अडत्याचा कंठही त्याच सुमारास दाटला. पण तो घोरण्यामुळे.

व्याख्यान अथपासून इतिपर्यंत ऐकणारा एकच श्रोता होता, आणि तो केशवरावांनी अमरावतीहून सोबत नेलेला होता. हे त्यांचे शेजारी खुशालराव. ते कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. दुसऱ्यांची लांबलचक भाषणे डोळे उघडे ठेवून ऐकण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि ती सवय पेन्शनीबरोबर सुटली नव्हती.

परतताना बडनेऱ्याला अमरावतीच्या गाडीची वाट पाहत दोघे फलाटावर बसले असता खुशालराव म्हणाले, "केशवराव, एक इचारू का? राग नका मानू."

"विचारा की."

"थे डॅन्यूबचं ठीक हाये. पन मंग आपल्या दोघायच्या आंगनातलं कुंपन आपन काहून ठेवलं?"

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला असा प्रश्न विचारणे म्हणजे वैद्याला स्वतःची नाडी पाहायला सांगण्यासारखे आहे. गाडी येईपर्यंत केशवराव बोलले नाहीत, आणि गाडी आल्यावर जे बोलू लागले ते अमरावती येईपर्यंत थांबले नाहीत.

त्या काळी वऱ्हाडातल्या माणसाला राज्यांच्या जोडणीचा विषय तसा परका नव्हता. 'वऱ्हाड कागदावर निजामाचा, हुकुमानं इंग्रजाचा आन् खर्चाले नागपूरचा,' असे खुशालराव नेहमी म्हणत. वऱ्हाडच्या कापसावर पिकलेला पैसा नागपूरकडे वाहतो, ही तक्रार अमरावतीत चहाबरोबर दिली जाई. पण या जोडण्या वरून झालेल्या. खालून, शेजाऱ्यांनी राजीखुशीने केलेले ऐक्य कोणी पाहिले नव्हते. ते आपल्या अंगणात घडणार, या कल्पनेने केशवरावांना रात्री उशीसुद्धा नकोशी झाली.

मधले कुंपण पऱ्हाट्यांचे होते. कापूस वेचून झाला की शेतात ज्या वाळक्या काड्या उरतात त्या पऱ्हाट्या. खुशालरावांच्या गावाकडून दर साल त्यांची गाडी येई, जुने कुंपण चुलीत जाई आणि नवे उभे राही. विहीर केशवरावांच्या अंगणात होती. गाय, शेवगा आणि लिंबाचे झाड खुशालरावांच्या. विहिरीपाशी कुंपणाला एक भगदाड होते, आणि दोन घरांचा खरा व्यवहार या भगदाडातून चाले. खुशालरावांच्या पत्नी तानुबाई तिकडून वाटीभर ताक देत. केशवरावांची बायको शालू ती वाटी धुऊन, तीत निदान गुळाचा खडा घालून परत करी. कारण शेजारणीचे भांडे रिकामे परत करायचे नसते. गूळ आला म्हणून तानुबाई शेवग्याच्या शेंगा पाठवीत. शेंगा आल्या म्हणून शालू मेतकूट देई. मेतकूट तानुबाईंना मुळीच आवडत नसे. पण ते आले म्हणून त्या ठेचा पाठवीत, जो खाण्याचे धैर्य शालूला अजून झालेले नव्हते. अशी ती वाटी वर्षानुवर्षे दमलेली असूनही फिरत होती.

या भगदाडावर आणखी एक गोष्ट अवलंबून होती. शालूला सहावा महिना लागला होता. आई लहानपणीच गेलेली. पुण्याच्या आत्याबाई स्वतःच अंथरुणाला खिळलेल्या. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचे ते कोणाकडे, हा प्रश्न होता. तो तानुबाईंनी भगदाडातून सोडवला होता.

"कुठीसा जातं व पोरी? मी हाये ना! तुहं बाळंतपन माह्याकडे लागलं."

त्या दिवसापासून शालूला नीट झोप लागू लागली होती, आणि म्हणून केशवरावांनाही.

होळीच्या आधी दोन दिवस कुंपण उतरवले. पऱ्हाट्यांचे भारे कोपऱ्यात रचून ठेवले होते. गल्लीतल्या पोरांनी ते परस्पर होळीत नेऊन टाकले. सरहद्द धडधडून जळताना पाहण्याचे भाग्य युरोपातल्याही फार थोड्या अर्थशास्त्रज्ञांना लाभले असेल, असे केशवरावांच्या मनात आले. समोरच्या घरातले संत्र्यांचे व्यापारी बशीरभाई होळीचा उजेड पाहत ओट्यावर उभे होते. केशवरावांनी मोठ्या मनाने त्यांनाही संघात येण्याचे निमंत्रण दिले.

"ना साब," बशीरभाई हात जोडून म्हणाले, "तुमी दोघं भांडसान तवा बसाले कोनाचा तरी ओटा पायजे ना? माहा ओटा खाली राहू द्या."

"भांडण होण्याचं कारणच उरणार नाही, बशीरभाई."

"मंग तं लवकरच होईन," बशीरभाई म्हणाले, आणि वर 'अल्ला खैर करे' असे पुटपुटले.

करारनामा खुशालरावांनी लिहिला. मसुदा लिहिण्याची संधी पेन्शनीनंतर प्रथमच आल्यामुळे त्यांनी त्यात हात राखला नाही. विहिरीचे पाणी आणि झाडाची लिंबे दोघांची. गाईचे दूध दोघांचे. गाईचा स्वभाव मात्र खुशालरावांचा. विहिरीजवळच्या खोलीत दोन्ही घरांची एक कोठी. जे जे जास्तीचे असेल ते तिथे जमा करायचे आणि ज्याला जे लागेल ते त्याने तिथून घ्यायचे. कारभार चौघांच्या पंचायतीने पाहायचा.

वाटीचे कलम केशवरावांचे होते. ऐक्याच्या तयारीसाठी त्यांनी काही दिवस दोन घरांतल्या देवघेवीचे निरीक्षण केले, आणि त्यांना धक्का बसला. कोणालाही नको असलेले मेतकूट कोणीही न खाणाऱ्या ठेच्याच्या बदल्यात अंगण ओलांडत होते! शास्त्राच्या दृष्टीने ही निव्वळ अनुत्पादक वाहतूक होती. तेव्हा त्यांनी पंचायतीत ठराव मांडला की, यापुढे घरोघरी भांड्यांची ने-आण बंद. सर्व देवघेव कोठीमार्फत.

तानुबाई मांडी घालून लसूण सोलत होत्या. "म्हंजे मास्तर, ताक कसं द्याचं?"

कॉलेजच्या प्रोफेसराला मास्तर म्हटलेले केशवरावांना लागे. पण तानुबाईंच्या लेखी शिकवणारा तो मास्तर, मग तो बिगारीला शिकवो की बी.ए.ला.

"कोठीत ठेवायचं, तानुबाई. ज्याला गरज असेल तो घेईल."

"ज्याले म्हंजे कोनाले?"

"म्हणजे... ज्याला असेल त्याला."

"ताक का धरमशाळेत ठेवाचं अस्ते का, जी?"

मते घेतली. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. समसमान झाल्यावर खुशालरावांनी आपण अध्यक्ष असल्याचे जाहीर केले आणि अध्यक्षाचे जादा मत टाकले. ते अध्यक्ष केव्हा झाले, हे करारनाम्यात शोधूनही सापडले नाही. शालूने तानुबाईंकडे पाहिले आणि तानुबाईंनी लसणाकडे.

चैत्र लागला. आरंभी सगळे सुरळीत होते, असे केशवराव पुढे अनेकांना सांगत. पण तो आरंभ नेमका किती टिकला हे सांगायचे टाळत. संघाला पहिला तडा मसाल्यावरून गेला. एका राष्ट्राचे एक वजन, एक माप, तसा दोन घरांचा एक मसाला, अशी केशवरावांची सूचना होती. शालूचा गोडा मसाला आणि तानुबाईंचे लाल तिखट निम्मे-निम्मे मिसळून कोठीत भरले. खुशालराव पहिल्या घासाला म्हणाले, "कोनं आमटीत मिठाई टाकली?" आणि त्याच वेळी पलीकडच्या घरात केशवरावांना लागलेली उचकी संध्याकाळच्या फिरण्यापर्यंत त्यांच्या सोबत होती.

मग पाहुणे सुरू झाले. खुशालरावांच्या गावाकडून कोणी कोर्टाच्या तारखेसाठी येई, कोणी दवाखान्यासाठी, कोणी 'परतवाड्याची गाडी सुटली, आता उद्या जातो' म्हणून. हे सगळे कोठीवर जेवत. केशवरावांकडे परीक्षा जवळ आलेले विद्यार्थी येत. ते अर्थशास्त्राचे चार शब्द ऐकत आणि चहाचे आधण मात्र पातेलेभर लागे. तोही कोठीतला.

"आपलं झालं वऱ्हाडावानी," खुशालराव एका सकाळी दात घासता घासता म्हणाले. "पिकवाव आमी आन् खाव नागपुरानं."

"नागपूर कोण?" केशवरावांनी विचारले.

"म्या नाव घेतलं का?"

"खुशालराव, पाणी माझ्या विहिरीचं. म्हणजे वऱ्हाड मी. आणि तुमचे पाहुणे—"

"पाहुन्यायले नागपूर म्हंता? माह्या आतेभावाले?"

"मग माझ्या विद्यार्थ्यांना?"

दोघेही आपण वऱ्हाड असल्याचे अगदी मनापासून सांगत होते. नागपूर व्हायला कोणी तयार नव्हते; त्यामुळे वाद मिटण्याचा मार्गच राहिला नाही. खुशालरावांचा मुलगा नागपूरच्या सचिवालयात नोकरीला होता. ही गोष्ट त्या क्षणी आठवणे हे केशवरावांचे दुर्दैव, आणि ती बोलून दाखवणे हा त्यांचा मूर्खपणा.

तरीही हे सगळे निस्तरले असते. पुरुषांचे रुसवे पुरणपोळीसारखे असतात. तव्यावर असेपर्यंतच फुगलेले दिसतात. खरा घात एका दुपारी झाला, आणि तो केशवरावांच्या हातून झाला.

उन्हाचा तडाखा वाढला होता. शालूला अन्न नकोसे झाले होते. काय खावेसे वाटते, असे विचारले की तिच्या डोळ्यांत पाणी येई आणि ती 'काही नाही' म्हणे. अशा एका दुपारी तानुबाई पदराखाली काहीतरी झाकून अंगण ओलांडून आल्या. केशवराव ओसरीवर पेपर तपासत होते.

"काय आणलंत, तानुबाई?"

"काई नाई जी. कैरीचा तक्कू केला. पोरीले तोंडाले चव नाई म्हने."

ताज्या कैरीचा, कांद्याचा आणि फोडणीतल्या मेथीचा वास ओसरीभर पसरला. केशवरावांच्याही तोंडाला पाणी सुटले. पण ते तत्त्वाचे पक्के होते, आणि आदल्याच दिवशी त्यांनी खुशालरावांना नियमांचे पालन कसे काटेकोर हवे, यावर बरेच सुनावले होते. ते अत्यंत सौजन्याने म्हणाले, "तानुबाई, हे कोठीत जमा करावं लागेल. तिथून शालू घेईलच. नियम एकाला मोडला की सगळ्यांना मोडतो."

तानुबाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर केशवरावांना तो ओळखता आला असता.

"बरं," त्या म्हणाल्या.

त्यांनी वाटी कोठीच्या फळीवर नेऊन ठेवली आणि त्या आल्या वाटेने घरी गेल्या. त्यानंतर त्या आल्याच नाहीत. संध्याकाळी केशवरावांनी स्वतः ती वाटी शालूपुढे आणून ठेवली, तेव्हा शालूने ती दूर सारली.

"अगं, तुझ्यासाठीच आहे."

"होती," शालू म्हणाली. "त्या माझ्यासाठी घेऊन आल्या होत्या."

"मग कोठीतून आली म्हणून काय बिघडलं?"

"कोठी माझी कोण लागते?"



दुसऱ्याच दिवशी खुशालरावांनी संघातून निघाल्याची नोटीस दिली. ती हाती न देता त्यांनी केशवरावांच्या दारावर डकवली. नाझर असताना बजावणीचा तो शिरस्ता होता. गाय तिकडे गेली. लिंबे तिकडे राहिली. खुशालरावांनी पाणी गल्लीच्या नळावरून आणायला सुरुवात केली आणि प्रत्येक बादली केशवरावांच्या ओसरीसमोरून नेली, जरी ती वाट लांबची होती.

आता कुंपण हवे होते. पऱ्हाट्या होळीत गेलेल्या. नव्या यायला पुढचा हंगाम. तेव्हा तारेचे कुंपण घालायचे दोघांनी वेगवेगळे ठरवले आणि दोघांनी वेगवेगळे अर्ज केले. घरपट्टीच्या कचेरीतला कारकून सभ्य होता. त्याने दोघांनाही बोलावून, दोन्ही अर्ज शेजारी ठेवून विचारले, "जुनं कुंपण काढताना परवानगी घेतली होती का?"

"काढायला परवानगी लागत नाही, असं होळीआधी आपणच सांगितलं होतं," केशवराव म्हणाले.

"बरोबर. काढायला लागत नाही. घालायला लागते. पण मधे हद्द दिसत नसेल तर ही जागा एकच. एका जागेच्या मधोमध कुंपण घालायला मालकाची संमती पाहिजे. मालक कोण?"

"मी!" दोघे एकदम म्हणाले.

"हेच तं," कारकून म्हणाला. "मोजणी करून घ्या."

मोजणीदार साखळी घेऊन आला. उन्हात एक अख्खी सकाळ खुंट्या ठोकून त्याने निर्णय दिला की, पऱ्हाट्यांचे कुंपण खऱ्या हद्दीवर कधी नव्हतेच. हद्द तिरपी होती. ती विहिरीच्या मधून जात होती, खुशालरावांचा आंघोळीचा दगड केशवरावांकडे टाकत होती आणि केशवरावांचे तुळशीवृंदावन खुशालरावांकडे. म्हणजे इतकी वर्षे एक गृहस्थ परमुलखात आंघोळ करत होता आणि दुसऱ्याच्या घरचा देव परदेशी राहत होता. विहिरीत तार कशी ओढायची, हे मोजणीदाराला विचारले तेव्हा तो म्हणाला, "थे माह्या कामात येत नाई," आणि टोपीने वारा घेत निघून गेला.

कुंपण काही पडले नाही. पण खुंट्या राहिल्या, आणि त्या न दिसणाऱ्या रेषेवर कोणी पाऊल टाकीना.

वैशाख आला. शालूचे दिवस भरत आले. ती तक्रार करीत नसे. दुपारी खिडकीशी बसून ती पलीकडच्या दाराकडे पाही आणि केशवरावांची चाहूल लागली की शिवणाकडे मान घाली. रात्री तिला झोप येत नसे. आणि तिला येत नसे म्हणून केशवरावांनाही. सुईण ठरवली होती, डॉक्टरीणबाईंनाही सांगून ठेवले होते. पण 'माह्याकडे लागलं' म्हणणारे कोणी ठरवून मिळत नाही, हे त्यांना कळून चुकले होते.

ते दोनदा माफी मागायला गेले. पहिल्यांदा तानुबाईंनी दार उघडले नाही. दुसऱ्यांदा उघडले आणि केशवरावांनी सुरुवात केली, "तानुबाई, त्या प्रसंगात हेतू आणि परिणाम यांत जी विसंगती निर्माण झाली—" दार पुन्हा लागले.

हे सारे समोरच्या ओट्यावरून पाहणाऱ्या बशीरभाईंनी त्यांना हाक मारली आणि सोललेले संत्रे पुढे केले. "साब, नाराज नका होऊ. माफी मांगाले जाता आन् लेक्चर देऊन येता. बाईमानसाले लेक्चर कायले पायजे? त्यायनं नाझरसाबाची बत्तीस वर्सं ऐकलीत."

"मग मी काय म्हणू?"

"मले काय मालूम! माही घरवाली रुसते तं मी गपचूप मार खातो."

यातून मार्ग निघण्यासारखा नव्हता. केशवराव संत्रे खाऊन परत आले.

दोन दिवसांनी सकाळी शालू म्हणाली, "आज फक्त दहीभात खावासा वाटतोय." कित्येक आठवड्यांत तिने प्रथमच काही मागितले होते. केशवरावांनी उत्साहाने दूध तापवले, ते उतू घालवले, उरलेले निववले, आणि मग त्यांच्या लक्षात आले की घरात विरजण नाही. या घरात विरजण कधी नसेच; ते पलीकडून येई. संघाच्या काळात कोठीत दह्याचा एक दगडी सट ठेवलेला होता. तो उघडल्यावर केशवरावांनी घाईघाईने झाकला.

ते वाटी घेऊन बाहेर पडले आणि खुंट्यांपाशी येऊन थांबले. अडवायला काही नव्हते. पण पाय उचलेना. ऊन डोक्यावर घेत ते रिकामी वाटी हातात धरून तिथेच उभे राहिले, आणि काय बोलायचे याचा त्यांच्याजवळ एकही मसुदा नव्हता.

तानुबाई धुणे वाळत घालायला बाहेर आल्या.

"उन्हात काहून उभे राह्यले मास्तर?"

"विरजण हवं होतं."

"कोठीत नाई का?"

"होतं," केशवराव म्हणाले. "त्यात अळ्या झाल्या."

तानुबाईंनी हातातले धोतर झटकले. ते झटकताना त्यांचा चेहरा धोतराआड होता, त्यामुळे त्या हसल्या की काय, हे केशवरावांना कळले नाही. त्या आत गेल्या आणि दह्याची कवडी घेऊन आल्या. वाटीत ती घालता घालता त्यांनी वर न पाहता विचारले, "कोनाले पायजे दही?"

"शालूला. आज प्रथमच काही खाते म्हणाली. पाय सुजलेत तिचे, रात्रभर—"

"पाय सुजले?" तानुबाईंनी मान वर केली. "कवापासून?"

"आठवडा झाला असेल."

"आन् थे तुमी मले आता सांगून राह्यले? दह्याच्या निमित्तानं? असा कसा मानूस बाप्पा तुमी!" ओले धोतर त्यांनी केशवरावांच्या खांद्यावर टाकले, खुंटी पायाने बाजूला केली आणि त्या तरातरा अंगण ओलांडून त्यांच्या घरात शिरल्या. आतून शालूची हाक आली, "तानुमावशी!" आणि मग दोघींचेही शब्द ऐकू येईनात.

केशवराव खांद्यावर नाझरसाहेबांचे धोतर घेऊन उभे होते. पलीकडच्या दारात खुशालराव आले. त्यांनी धोतराकडे पाहिले, उखडलेल्या खुंटीकडे पाहिले.

"ते वाळत घालायचंय," केशवराव म्हणाले.

"घाला," खुशालराव म्हणाले. "चुण्या नका पाडू."

तेवढ्यावर त्या दोघांत तह झाला.

ज्येष्ठात एका सकाळी शालूच्या पोटात दुखू लागले. सुईण आली, डॉक्टरीणबाई येऊन धीर देऊन गेल्या. तानुबाईंनी चुलीवर हंडा चढवला, खिडक्यांना पडदे लावले आणि दोन्ही पुरुषांना हाकलून दिले. ते विहिरीच्या काठावर बसून राहिले. हद्दीप्रमाणे पाहिले तर दोघेही एकमेकांच्या मुलखात. आतून शालूचे कण्हणे येई आणि पाठोपाठ तानुबाईंचा आवाज: "रड पोरी, रड, कोनी आयकत नाई. आयकते तं आयकू दे." खुशालरावांनी केशवरावांचा हात आपल्या हातात घेतला आणि तो तसाच धरून, नजर दुसरीकडे वळवून, ते लिंबाच्या झाडाला यंदा बहर कमी असल्याबद्दल बोलत राहिले. पुष्कळ वेळ बोलत राहिले.

ऊन डोक्यावर येण्याच्या सुमारास बारीक, रागीट असा एक आवाज आला. तानुबाई दारात आल्या. त्यांचे केस सुटले होते आणि डोळे लाल झाले होते.

"पोरगी हाये. दोघीबी बऱ्या हायेत." आणि नंतर पदराने तोंड पुसत, "नाक मास्तरावर गेलं. त्याले इलाज नाई."

थोड्या वेळाने आत बोलावणे आले. केशवरावांनी लेकीला पाहिले, शालूच्या कपाळावर हात ठेवला. शालू डोळे मिटून हसली आणि झोपी गेली. तानुबाई खाटेशी जमिनीवर बसल्या होत्या. पाळीपाळीने पंखा घालू, असे सुईणीला सांगता सांगता त्यांचाही डोळा लागला. भिंतीला टेकलेली मान, आणि हात शालूच्या हातात.

केशवराव पाय न वाजवता बाहेर आले. गल्लीत बातमी पोचली होती. माणसे येऊ लागणार. येईल त्याच्या हातावर साखर ठेवायला हवी. ते स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी एकेक डबा उघडायला सुरुवात केली. मीठ. हळद. तो मसाला. पुन्हा मीठ. मदतीला खुशालराव आले. त्यांनीही तेच डबे त्याच क्रमाने उघडून पाहिले.

"आमच्याइथं पाहू," ते कुजबुजले.

पलीकडच्या घरी तर अवस्था आणखी बिकट होती, कारण तिथे डबे जास्त होते. खुशालरावांनी आपल्याच स्वयंपाकघराच्या मधोमध उभे राहून चारी भिंतींकडे पाहिले. "हे फळी कवा लावली?" त्यांनी विचारले. केशवरावांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ज्यांनी दोन घरांच्या दाण्यापाण्याचे कलमवार करार केले होते, त्या दोघांना दोन्ही घरांत मिळून साखर कुठे असते ते ठाऊक नव्हते. तानुबाईंना उठवून विचारणे सोपे होते. ती गोष्ट दोघांपैकी कोणी सुचवली नाही.

शेवटी दोघे गल्ली ओलांडून समोरच्या ओट्यापाशी जाऊन उभे राहिले.

"बशीरभाई," केशवराव म्हणाले, "थोडी साखर हवी होती."

बशीरभाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. "लडकी?"

"हो."

"मुबारक हो साब. नाझरसाब, मुबारक हो तुमालेबी." त्यांनी आत हाक दिली. त्यांच्या बायकोने, जैनबबीने, पितळी डबा भरून साखर बाहेर पाठवली. बशीरभाईंनी आधी चिमूट चिमूट दोघांच्या तोंडात घातली आणि मगच डबा हाती दिला. खुशालरावांनी तोंडातली साखर बराच वेळ चघळली. 

दोघे अंगणात परत आले. डबा कोणाच्या घरात ठेवायचा, असा प्रश्न केशवरावांच्या ओठावर आला होता. पण तो त्यांनी विचारला नाही. शेवग्याच्या सावलीत दोघे डबा मध्ये ठेवून बसले, त्यावर खुशालरावांनी आपला रुमाल झाकला आणि दोघे तानुबाईंना जाग येण्याची वाट पाहू लागले.